दोन पावसाळ्यांची बोली

भोकरदन तालुक्यातल्या एकेका शाळेच्या भिंतीवर झाडं लावायला सांगणारी ओळ मोठ्या अक्षरांत रंगवलेली होती, त्या काळात मी झाडं काढून संसार केला. लग्नकार्यात कोणी विचारलं, "पाव्हणे, काय करता?" आणि मी म्हणालो, "झाडं काढतो," की समोरच्याचा चेहरा पडायचा. मग मला घाईघाईनं सांगावं लागे, "वेडी बाभूळ हो, दुसरं काही नाही!" एवढं ऐकलं की त्याला मी जवळचा नातेवाईक वाटायला लागायचो आणि पंगत उठेपर्यंत तो मला आपल्या बांधावरच्या बाभळीची गाऱ्हाणी सांगत बसायचा.

ज्यांचा तिच्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपली गावरान बाभूळ वेगळी. तिचा डिंक खातात, तिच्या काडीनं दात घासतात, तिच्या लाकडाचं औत होतं. ही वेडी बाभूळ परदेशातून आलेली. पानं नाजूक, शेंगा पिवळ्या आणि गोड, काटे मात्र टायरच्या चपलेतून आरपार जाणारे. हिला पाणी लागत नाही, खत लागत नाही, राखण लागत नाही. दोन वर्षं रान पडीक ठेवा, तिसऱ्या वर्षी तुम्हाला स्वतःच्या शेतात शिरायला वाट सापडणार नाही.

एक्क्याऐंशी सालच्या आसपास माझ्या स्वतःच्या तीन एकरांतलं एक एकर तिनं गिळलं होतं. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. तीनदा तोडली, तिन्ही वेळा एका खोडाच्या जागी दहा फांद्या आल्या. चौथ्या वेळी डोकं फिरलं, आणि हिचा जीव आहे तरी कुठं ते बघू म्हणून पहार घेऊन खणत बसलो. मातीत वीतभर खाली एक जाडजूड गाठ सापडली. फुटव्यांचे सगळे डोळे त्या गाठीत. गाठीच्या वरून तोडलं तर ती फुटणारच. गाठीच्या खाली कुऱ्हाड बसली की उरलेलं मूळ पाताळात गेलेलं असलं तरी पुन्हा डोकं वर काढत नाही. माझं सगळं शिक्षण म्हणजे ही एवढी एक गाठ. तिच्यावर मी वीस-बावीस वर्षं जेवलो.

हत्यारं साधी. कुदळ, पहार, आखूड दांड्याची कुऱ्हाड, आणि काटेरी फांदी लांबूनच ढकलायला पुढं दोन बोटं असलेली लांब काठी, तिला आम्ही बेळकं म्हणतो. माणसं चार : मी, माझी बायको शांता, तिचा भाऊ आणि भावजय. आणि एक बोली. ती पंचक्रोशीत सगळ्यांना पाठ होती : "दोन पावसाळे. मी काढलेल्या रानात दोन पावसाळ्यांत बाभूळ दिसली, तर पुन्हा येऊन काढून देईन, चहासुद्धा मागणार नाही." असं छातीठोक सांगणारा दुसरा कोणी नव्हता. खरं तर हे काम करणाराच दुसरा कोणी नव्हता.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुने भेटली. जुन्या जालन्यातले एक शेठजी, पिढ्यान्‌पिढ्या धान्याची आडत. भोकरदन रस्त्याला त्यांची जमीन होती. मुलीच्या सासरची मंडळी जमीन बघायला येणार होती, म्हणून शेठजींना घाई. मी गाठीचं सांगायला लागलो तर मला मध्येच थांबवलं.

"उत्तमभाऊ, वो गाठ-बीठ बाद में देखेंगे. वरून साफ दिसलं म्हंजे बस. जल्दी करा."

मी वरून साफ केलं. सोयऱ्यांचं येणं लांबलं, मध्ये दोन चांगले पाऊस झाले. मंडळी येऊन बांधावर उभी राहिली तेव्हा सगळ्या रानात कमरेएवढे कोवळे फुटवे डोलत होते. व्याही म्हणे बघतच राहिले, आणि म्हणाले, "शेठजी, क्या हरियाली है! कौन सी फसल डाली?" शेठजींनी काय उत्तर दिलं ते मला कधी कळलं नाही. पण पुढच्या हिवाळ्यात त्यांचा निरोप आला की या वेळी गाठीसकट काढा.

दुसरी फजिती माझी. एका गावच्या सरपंचानं गावाला लागून असलेलं गायरान साफ करायला बोलावलं. सकाळी कुदळ टेकवतो न टेकवतो तोच गावातल्या बायका हजर, कोणाच्या हातात पाण्याचं टमरेल, कोणी कमरेवर हात ठेवून. एक म्हातारी थेट झाडाला पाठ लावून बसली. मला वाटलं, सरपणासाठी भांडायला आल्या. मी समजूत घालायला लागलो, तर त्या आणखीच भडकल्या. शेवटी शांता त्यांच्यात जाऊन बसली आणि पाच मिनिटांत परत आली.

"हत्यारं गोळा करा," ती म्हणाली. "गावात संडास न्हाई. बायांना ह्या बाभळीबिगर आडोसा न्हाई. आदी आडोसा बघा म्हनावं सरपंचाला, मंग बाभळ काढा."

मी सरपंचाला तेच सांगितलं. तो लाजला की चिडला ते ओळखू आलं नाही, पण काम थांबलं. त्या दिवसापासून कुठल्याही गावालगतच्या कामाला शांता आधी जाऊन बायकांशी बोलून यायची आणि मगच मी होकार द्यायचो. ज्या झाडाला मी शत्रू समजत होतो त्यानं त्या गावाची अब्रू झाकली होती, हे मला कुदळ खाली ठेवल्यावर कळलं. निम्म्या तालुक्याच्या चुली तिच्यावर पेटायच्या, हेही खरंच.

दोन हजारनंतर पिवळी यंत्रं आली. महिन्याचं काम दिवसात. मी एकदा बांधावर उभा राहून बघितलं. यंत्र झाड उपटतं खरं, पण पुष्कळदा गाठ मोडून मातीतच राहते आणि वर्षाच्या आत हसत वर येते. मी ड्रायव्हरला तसं सांगितलं, तर तो म्हणाला, "मंग पुन्हा येऊ की काका." आपला धंदा संपल्याचं मला तेव्हा समजलं. गुडघेही संपत आले होते, त्यामुळे फार वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

पण माझी बोली एकदा माझ्याच अंगावर आली होती. ती हकीकत सांगण्यासाठी तर हा कागद घेतला.

नव्वद सालच्या आगेमागे गयाबाई नावाची एक बाई माझ्याकडे आली. वय चाळिशीचं, बोलणं तिखट. तिचा नवरा जालन्यात कापडाच्या दुकानात कामाला होता, तिथंच मस्तगड भागात भाड्याच्या खोलीत दोघं राहायची. नवरा वारला तशी ती सासरच्या गावी परत आली. गावात तिच्या वाट्याची पाच एकर जमीन, नाल्याच्या काठाला. दहा वर्षं कोणी औत घातलेलं नव्हतं. आत वेडी बाभूळ अशी माजली होती की गाय शिरली तर दोन दिवस सापडत नसे.

शेजारचं रान तिच्या दिराचं, रंगनाथचं. माणूस कष्टाळू, पण डोळा या पाच एकरांवर. त्यानं मारुतीच्या पारावर चार माणसांसमोर वहिनीला विचारलं होतं, "वैनी, एकट्या बाईनं जंगल कसणार हाय का तुमी? बटईनं मला द्या अन्‌ बसून खा."

बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं कसायला, एकदा गेलेलं रान परत हाताशी लागत नाही, हे गयाबाईला चांगलं माहीत होतं. ती म्हणाली, "भावजी, उत्तम दोन पावसाळ्याची बोली देतो. दोन पावसाळे जाऊ द्या, दसरा झाला की रान बघा. साफ राह्यलं अन्‌ पिकलं, तर तुमी त्याचं नाव काढायचं न्हाई. त्या दिवशी बाभळीचं एक रोपटं जरी दिसलं, तर रान तुमी कसा."

रंगनाथनं पारावर हात मारला. "बराबर. ठरलं."

म्हणजे मला न विचारताच माझी बोली त्या बाईच्या जमिनीला बांधली गेली होती. हे तिनं मला सांगितलं ते सगळं ठरून गेल्यावर.

"मावशी, आदी विचारायचं तरी!"

"कामून? तुझी बोली खोटी हाये का?"

दिवाळी झाली आणि आम्ही कामाला लागलो, ते चैत्र उतरेपर्यंत. गयाबाईसारखी गिऱ्हाईक मी दुसरी पाहिली नाही. दुपारी भाकरी-ठेचा घेऊन यायची आणि जेवायला देण्याआधी प्रत्येक खड्ड्यात हात घालून चाचपायची. "गाठ दाखव," म्हणायची. काढलेल्या गाठी तिनं बांधावर रचून ठेवल्या होत्या. एक खड्डा तिला रिकामा वाटला, तर तिथली गाठ ढिगातून काढून दाखवेपर्यंत मला भाकरी मिळाली नाही. शांताला हे फार आवडायचं. "अशी बाई पाहिजे तुमच्यावर," ती म्हणायची.

चैत्राच्या शेवटी पाच एकर लख्ख झालं. नाल्यापासून रस्त्यापर्यंत नजर जायला लागली. गयाबाई बांधावर उभी राहून नुसती बघत होती. मला इतका आनंद झाला होता की काम संपलं तरी मला तिथून निघवेना. आणि तिथंच मी न विचारता एक सल्ला दिला.

"मावशी, रान लय वर्सं उपाशी हाये. मेंढरं बसवा. बाजरी डोक्याएवढी येईल."

मेंढरं बसवणं म्हणजे काय ते सांगतो. उन्हाळ्यात धनगर कळप घेऊन फिरतात. शेतकरी त्यांना आपल्या रानात मुक्कामाला बोलावतो. जाळ्याचं चौकोनी कुंपण करून त्यात मेंढरं रात्रभर बसतात, लेंड्या-मूत जमिनीत मुरतं, दुसऱ्या दिवशी कुंपण शेजारी सरकतं. बदल्यात धनगराला ज्वारी द्यायची. याच्यासारखं खत नाही. जाफराबादकडून येणारे म्हाळूमामा माझ्या ओळखीचे. मीच त्यांना शोधून आणलं. कळप नाल्यानाल्यानं मजेत चरत आला आणि आठ रात्री गयाबाईच्या रानात बसला. मी म्हाळूमामांना चहा पाजला, मेंढरांच्या तब्येतीचं कौतुक केलं आणि घरी जाऊन झोपलो.

मृगाचा पाऊस झाला, बाजरी पेरली. पंधरा दिवसांनी एसटीच्या कंडक्टरनं मला भोकरदनच्या स्टँडवर हाक मारली.

"उत्तमभाऊ, गयाबाईचा निरोप हाये. तुमची बाभळ उगवली म्हने!"

सगळ्या स्टँडनं ऐकलं. मी त्याच गाडीत चढलो.

रानात गेलो तर बाजरीच्या ओळींमध्ये ती बारीक, नाजूक पानं. एक नाही, दोन नाहीत, जिथं बघावं तिथं. एकाही रोपाखाली गाठ नव्हती, सगळी बियांतून आलेली. माझी अशी समजूत होती की हिचं बी वाऱ्यानं नाहीतर नाल्याच्या पुरानं येतं. वारा तर सगळीकडे सारखाच होता आणि नाल्याला पूर आलेला नव्हता. मी मान वर केली, तर शेजारच्या बांधावर रंगनाथ औत थांबवून उभा. मला वाटलं, तो हसतोय. आजही सांगता येणार नाही की तो हसत होता की उन्हामुळे त्यानं तोंड वाकडं केलं होतं.

संध्याकाळी मी पारावर गेलो आणि सगळ्यांसमोर त्याच्यावर तुटून पडलो. वहिनीच्या रानात तूच बी फेकलंस, जमिनीच्या लोभानं तू हे केलंस, असं मी बोललो. आणखीही बोललो, ते लिहायला हात धजत नाही. रंगनाथ आधी लाल झाला, मग पांढरा.

"उत्तमभाऊ," तो म्हणाला, "माझ्या बापाचं रान हाये ते. माझ्या हातानं त्यात बाभळ पेरीन मी?"

मी ऐकून घेतलं नाही. सगळं गाव माझ्या बाजूनं मान डोलावत होतं आणि मला ते बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताला घेऊन रानात गेलो. गयाबाई गाठींच्या ढिगावर चढून उभी होती.

"उत्तम, इकडं ये. वरून बघ अन्‌ सांग मला, काय दिसून राह्यलं?"

मी चढून बघितलं. रोपं सगळ्या रानात नव्हती. आठ चौकोनांत होती. एकाला लागून एक, कडा सुतात धरल्यासारख्या. चौकोनांच्या बाहेर रान स्वच्छ.

शांता खाली बसली होती. तिनं एक रोप अलगद उपटून माझ्यासमोर धरलं. बारीक पांढरं मूळ एका मेंढीच्या लेंडीतून बाहेर आलं होतं.

"तुमच्या मामाच्या मेंढरांनी नाल्यानं शेंगा खाल्ल्या," ती म्हणाली, "अन्‌ हितं आनून पेरल्या. खतासकट."

इतकी वर्षं माझी नजर जमिनीखाली होती. झाडावर शेंग लागते, ती कोणीतरी खातं आणि कुठंतरी टाकतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं. गाठीचा पंडित, आणि बीबद्दल ठार अडाणी.

"मेंढरं कोनी आनायला लावली?" गयाबाईनं विचारलं, जणू तिला माहीतच नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी पुन्हा पारावर गेलो. तीच माणसं बसली होती, रंगनाथही होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "रंगनाथनं बाभळ पेरली न्हाई. मी पेरली. काल मी जे बोललो ते बिलकुल खोटं होतं. माफ करा." रंगनाथ तंबाखू चोळत होता. त्यानं ती थुंकली नाही, खाल्ली नाही, तशीच मुठीत धरून उठला आणि घरी गेला. या सगळ्या आयुष्यात मला खरी लाज वाटली ती त्या वेळी.

पण बोली तर पाळायचीच होती. आता आणखी एक गोष्ट सांगतो. बियांतून आलेलं रोप पहिला महिनाभर दोन बोटांनी निघतं, ओल असेपर्यंत. त्यानंतर मूळ असं खाली जातं की कुदळीशिवाय सुटका नाही, आणि उभ्या पिकात कुदळ चालवली तर बाजरी जाते. म्हणजे हातात दोन आठवडे. मी, शांता आणि गयाबाई, बाजरीच्या ओळींतून उकिडवे बसत सरकायचो. पाऊस आला तर पोत्याची खोळ डोक्यावर. शांता दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एकाएकी तिला असं हसू फुटलं की ती चिखलातच बसली.

"काढायला बी हेच," ती गयाबाईला म्हणाली, "अन्‌ पेरायला बी हेच! धंदा कंदी बंद पडायचा न्हाई!"

गयाबाईही हसली. मग मीही हसलो, दुसरा इलाज नव्हता. शेजारच्या बांधावरून रंगनाथ रोज आमच्याकडे बघत जायचा.

बाजरी मळ्यासारखी आली. म्हाळूमामांच्या मेंढरांनी बाभळीसारखीच बाजरीचीही मनापासून सेवा केली होती. पुढच्या उन्हाळ्यात मी एकही मेंढरू त्या रानात येऊ दिलं नाही. तेव्हापासून गिऱ्हाइकांना बजावून सांगायचो : मेंढरं बसवा, पण आधी आठ दिवस शेंगांपासून लांब ठेवलेली. दुसऱ्या पावसाळ्यातही काही मागे राहिलेलं बी उगवलं. मी दर पंधरवड्याला जाऊन उपटून यायचो.

दसरा झाला आणि रंगनाथनं निरोप धाडला. ठरल्याप्रमाणे रान बघायचं. पारावरची दोन जुनी माणसं बरोबर, गयाबाई पुढं, मी मागं. गयाबाई एरवी तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी पदर घट्ट खोचून ती नुसती चालत होती. कापणी झालेल्या बाजरीच्या धसकटांतून आम्ही एकेक ओळ बघत निघालो. रंगनाथ हातातल्या काठीनं धसकटं बाजूला सारत होता. शोधणाऱ्याचं शोधणं मला ओळखता येतं. तो मनापासून शोधत होता.

चार एकर झाले. पाचव्यात, नाल्याच्या अंगाला, तो एकाएकी थांबला. मी त्याच्यापासून दहा पावलांवर होतो. त्याच्या पायाशी बोटभर उंचीचं काहीतरी हिरवं होतं. ती पानं मी झोपेतसुद्धा ओळखली असती. गयाबाई पुढं निघून गेली होती, दोघं म्हातारे बांधाला टेकून बिडी पेटवत होते. रंगनाथनं थेट माझ्या डोळ्यांत बघितलं. सव्वा वर्षात पहिल्यांदा.

मग तो पायातला काटा काढावा तसा वाकला, सावकाश उभा राहिला आणि बंडीच्या खिशात हात घातला.

"वैनी," त्यानं हाक मारली, "रान साफ हाये. चहा ठेवा सगळ्यायला."

गयाबाई वळली. तिनं त्याच्याकडे बघितलं, रानाकडे बघितलं, आणि बांधाशी जाऊन तीन दगडांची चूल मांडली. पेटवायला तिनं ढिगातली एक वाळकी गाठ घेतली. डोळे पुसताना म्हणाली, "लय धूर करती मेली."

आम्ही चहा प्यायलो. रंगनाथ अधूनमधून अंगठा तोंडात धरत होता, काटा लागला असावा. त्याच्या बंडीच्या खिशातून दोन नाजूक हिरवी पानं बाहेर डोकावत होती. मी ती शेवटपर्यंत बघत होतो, आणि बोललो काहीच नाही. माझी बोली रानापुरती होती, खिशातल्या बाभळीची जबाबदारी मी कधीच घेतलेली नव्हती.